कवटीच्या पतंगाला भ्यायचे कशाला?



पावसाळ्यात दिव्यावर पतंग येतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण एखाद्या रात्री तळहाताएवढा, पिवळ्या-काळ्या पोटाचा पतंग भिंतीवर येऊन बसतो. पाठीवर माणसाच्या कवटीसारखे चित्र. हात लावला तर चीं चीं ओरडतो. घरात कोणी आजारी असले तर आयाबायांच्या काळजात धस्स होते. म्हणून या पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ.

त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स. १८४७ साली वेस्टवुड या इंग्रज शास्त्रज्ञाने ते दिले. स्टिक्स म्हणजे ग्रीक पुराणकथांतली मेलेल्यांच्या जगातली नदी. युरोपात याच्या भाऊबंदाला मरणाचा दूत समजत. म्हणजे शिकलेल्या देशांतही लोक पाठीवरच्या डागालाच भ्याले!

आपल्या भिंगारच्या आसपास तिळाच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बहिणींनी याची अळी पाहिली असेल. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर तिरपे पट्टे आणि शेपटाकडे शिंगासारखा काटा. तो काटा डंख मारत नाही. ही अळी तिळाची, वांग्याची पाने फस्त करते आणि मग जमिनीत शिरून कोष करते. अळ्या हाताने वेचाव्यात, पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी. कोष उघडे पडतात आणि पाखरे ते टिपतात.

या जातकुळीतले बरेच पतंग लांब सोंडेने फुलातला रस पितात. याची सोंड मात्र आखूड व मजबूत. तिने तो मोहोळातले मेण फोडून मध पितो. मधमाशांच्या अंगावर असतात तसलीच द्रव्ये युरोपातल्या जातीच्या अंगावर सापडली आहेत. त्या वासामुळे माशांना तो परका वाटत नाही. आवाजाचे कोडेही सुटले आहे. २०१५ साली जर्मन संशोधकांनी दाखवले की बाजाच्या पेटीचा भाता हवा ओढतो व सोडतो, तसे तो घशाने करतो आणि सोंडेतून आवाज निघतो.

कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी अशा पतंगांच्या अळ्या पाळून नोंदी ठेवल्या. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३७ साली निघाला. भीती बाजूला ठेवून पाहिले, म्हणूनच हे ज्ञान हाती आले.

हिशेब साधा आहे. हा पतंग चावत नाही, डसत नाही, रोग आणत नाही. पण त्याला पाहून अपशकुन मानला आणि तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचे सोडून उतारा टाकत बसलो, तर जीव गमावण्याची वेळ आपणच आणू. तेव्हा माता-भगिनींनो, पुढच्या वेळी चप्पल उचलू नका. मुलांना जवळ बोलवा, पतंग दाखवा, मग दिवा मालवा. तो आपल्या वाटेने निघून जाईल.