पंधरवड्याचे दोन तास

ऑनलाइन अभ्यासक्रमांची नियमावली हा कार्यालयाचा विषय, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा समज आपल्या महाविद्यालयांतून रूढ आहे. आम्हांला तो घातक वाटतो. विद्यार्थी कोणाला म्हणावे आणि शिकणे कशाला म्हणावे, हे आता या नियमावल्याच ठरवू लागल्या आहेत. अमरावती-अकोल्याच्या मराठी विभागांनी ती व्याख्या मुकाट्याने स्वीकारणे म्हणजे आपल्या विषयावरचा हक्क सोडून देणे होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना 20 टक्क्यांपर्यंत मुभा दिली, 2021 मध्ये ती मर्यादा 40 टक्के झाली. गुणांची विभागणी साधारणपणे 30 टक्के अंतर्गत आणि 70 टक्के अंतिम परीक्षा अशी. पूर्ण ऑनलाइन पदवीसाठी 2020 च्या नियमांनी विद्यार्थ्याचा पंधरवड्यातून किमान दोन तास सहभाग अपेक्षिला. सहभाग म्हणजे चर्चा, स्वाध्याय वगैरे. शब्द चांगले आहेत. पण यंत्राला मोजता येतात ते फक्त तास. चर्चेत कोणी काय विचारले हे त्याला कळत नाही, म्हणून व्यवहारात चर्चा गळते आणि चार पर्यायांतून एकावर खूण करण्याची चाचणी उरते. कवितेचा अर्थ ‘अ’ की ‘ब’ या प्रश्नाला साहित्याच्या शिक्षकाने हसावे की रडावे?

निरंतर शिक्षणाकडे वळणारा वऱ्हाडातला माणूस कोण असतो? तो शाळेत शिकवत असतो, दुकानात बसत असतो, कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत शेतात असतो. ती घरचे सगळे आवरून रात्री मोबाइल हाती घेते. मुदत चुकली की खिडकी बंद, असा नियम या प्रौढ माणसाला शाळकरी पोराच्या रांगेत उभे करतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून मराठी पुस्तके, अभ्यासकेंद्रे आणि समंत्रक यांची जी रीत घालून दिली, तीत उणिवा असतील. पण शंका विचारायला समोर एक माणूस असावा, एवढे तीत गृहीत होते.

यावर उत्तर ठरलेले आहे: शिस्त नसेल तर नक्कल होईल. नक्कल होते, हे आम्हांला मान्य. पण बहुपर्यायी चाचणीइतकी नक्कलसुलभ दुसरी परीक्षा कोणती? आणि आता तर यंत्र क्षणात अख्खा निबंध लिहून देते. कॅमेऱ्याने डोळ्यांवर पाळत ठेवून हे थांबणार नाही. लिहिलेल्या उत्तरावर दहा मिनिटे तोंडी बोला. वाचले कोणी आणि उतरवले कोणी, ते लगेच उघड होते. पडताळणीचा हा एकच मार्ग असा आहे की जो पडताळताना शिकवतोही.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा शाळेत शिकलेले नव्हते. त्यांच्या कीर्तनाचा प्राण होता तो समोरच्या माणसाला विचारलेला प्रश्न आणि त्याच्याच तोंडून काढून घेतलेले उत्तर. श्रोता किती वेळ बसला याची त्यांनी नोंद ठेवली नाही. त्याला बोलते केले. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरशी ज्याचे नाते आहे तो ‘लीळाचरित्र’ही म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून, पडताळून सिद्ध केलेला ग्रंथ आहे. प्रश्न विचारणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. साहित्याच्या अभ्यासक्रमात स्वाध्याय मराठीत लिहिण्याची मुभा असावी आणि तो माणसाने वाचावा. विचारलेल्या शंकेला उत्तर किती दिवसांत मिळेल हे आधी जाहीर व्हावे. मुदतीला हंगामाची आणि विजेची सवलत असावी. अंतर्गत गुणांत तोंडी संवादाला वाटा असावा. याला मनुष्यबळ लागेल, पैसा लागेल. तो द्यायचा नसेल, तर या व्यवहाराला स्वस्त परीक्षा म्हणावे; शिक्षण म्हणू नये.

रिद्धपूरला 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. नव्या विद्यापीठाला जुनी नियमावली उचलण्याची सक्ती कोणी केलेली नाही. सुरुवात तिथून व्हावी. आणि ती व्हावी यासाठी आपल्या विभागांनी अभ्यासमंडळांच्या बैठकांत तोंड उघडावे.