सव्वा महिन्यानंतरची आई

आपल्याकडे बाळंतिणीला एकटीला न्हाऊ देत नाहीत. माहेरच्या न्हाणीत तिला पाटावर बसवतात. न्हाऊ घालणारी बाई अंगात तेल जिरवते, कढत पाण्याचे तांबे कंबरेवर सोडते. मग ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी, पोटाला घट्ट बांधलेले लुगड्याचे पट्टे, बाजेखाली शेगडी. ताटात अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, नाहीतर नुसती बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी. ऐपतीप्रमाणे जिन्नस बदलतात, पण कोयनेच्या खोऱ्यापासून माणदेशापर्यंत आणि कराडपासून जतपर्यंत रीत हीच. हे सव्वा महिना चालते. तेवढे दिवस एका बाईच्या शरीराकडे सगळ्या घराचे लक्ष असते.

मग मूल रांगू लागते, भिंत धरून उभे राहते, चालते. तान्हे बाळ दिवसाचा मोठा भाग झोपून काढते. दीड वर्षाचे मूल चुलीकडे धावते, उंबरा ओलांडते, माती खाते, आई डोळ्यांआड झाली की हंबरडा फोडते. आईची खरी दमणूक इथून सुरू होते आणि नेमकी इथेच आपली रीत हात काढून घेते. डोक्यावरून न्हायला आठवडा आठवडा जमत नाही. दुखणारी दाढ तशीच राहते. जेवण उभ्याउभ्या, तेही मुलाच्या ताटलीत उरलेले. अंगावरचे दुखणे कोणाला सांगायचे तर दवाखान्यात जायला दोन तास हवेत आणि ते दोन तास मूल कोणाजवळ ठेवायचे याला उत्तर नसते. अशा बाईला सगळे एकच सल्ला देतात: स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा.

हा सल्ला मला चुकीचा वाटतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला इतिहासाला धरून नाही. चालत्या मुलाच्या आईने स्वतःच्या बळावर वेळ काढला, असे आपल्याकडे फारसे कधी घडलेलेच नाही. कोणीतरी मूल कडेवर घेतले तेव्हाच तिला तो मिळाला. म्हणून तिने वेळ कसा काढावा हे सांगत बसण्यापेक्षा, मूल कोणाकोणाच्या कडेवर होते ते पाहू या.

पाहण्यासाठी सातारा-सांगलीचा मुलूख फार सोयीचा आहे. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एका अंगाचेच दोन भाग होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मधूनमधून औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने पसरलेली. घाटमाथ्यावर पावसाचा मारा आणि पूर्वेला पाण्याच्या थेंबासाठी वणवण. पण दोन्हीकडच्या बायका एकाच प्रश्नाशी झगडल्या.

आपल्या बोलण्यात एकत्र कुटुंबाचे फार गोडवे असतात. आजी होती, काकू होती, मूल कधी वाढले ते कळलेही नाही, असे म्हणतात. ते खरेच आहे. मुलींची लग्ने अकराव्या-बाराव्या वर्षी होत, त्यामुळे आजी चाळिशीच्या आत-बाहेरची, चांगली धडधाकट असे. मात्र घरात मूल धरायला हात होते म्हणजे आईला वेळ होता, असे होत नाही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात १८६२ साली जन्मलेली एक मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याच्या मोठ्या घरात गेली. नवरा पुढे न्यायमूर्ती झालेला, शिकवायला उत्सुक. तिच्या कडेवर मूल नव्हते, घरात बायकांची वाण नव्हती. तरीही तिचे शिकणे रात्री, सगळ्यांची कामे उरकल्यावर, आणि त्यासाठी घरातल्याच बायकांचे टोमणे सोसून. १९१० साली छापलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात रमाबाई रानड्यांनी ते लिहून ठेवले आहे. न्यायमूर्तींच्या पत्नीला स्वतःचा तास असा झगडून मिळवावा लागला. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या घरातल्या सुनेचे काय झाले असेल, ते लिहायला कोणी नव्हते.

लिहायला नव्हते, पण गायला होते. पहाटे जात्याशी बसलेली बाई मूल मांडीवर निजवून ओवी म्हणे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवते की दिवसातला तोच तास बाईचा स्वतःचा होता. खांदा भरून येई, पण मनातले बोलायला जागा मिळे. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, खांद्याचे दुखणे गेले, ते फार बरे झाले. तो तास मात्र दुसऱ्या कामांनी गिळला.

आणि वर्षातून एकदा पंचमी. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत नागपंचमी म्हणजे शिराळ्याचा नाग जेवढा, तेवढेच माहेर. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. त्या दिवशी काही चिरायचे नाही, कापायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडे उकडायची आणि झाले. झाडाला झोका, रात्री फेर, फुगडी. नागाच्या नावाने का होईना, कोणीतरी शहाण्या बाईने किंवा बायकांनी मिळून स्वयंपाकघराला दिलेली ती सुट्टी आहे, असे मी मानते. माहेरात मूल मामाच्या खांद्यावर असते. आईचे केस तिची आई विंचरते. वर्षाच्या ३६५ दिवसांतले चार-पाच दिवस.

उरलेल्या दिवसांत मूल कोणाकडे? खरे उत्तर फारसे कोणी देत नाही. ते थोरल्या बहिणीकडे होते. सात-आठ वर्षांची पोर, जिची शाळा त्यासाठी सुटली. आईला मिळालेली जी काही उसंत होती ती बहुतेक वेळा या पोरीच्या बालपणातून आली होती. आजी, काकू यांच्या आठवणी आपण काढतो, ही पोर आठवत नाही. आणि थोरली पोरही नसेल तर बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी. आई पाथ धरून पुढे जाते, कान झोळीकडे. पाटण, जावळीच्या खोऱ्यांतले बापे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, पुढे माथाडी झाले. मागे राहिलेल्या बाईवर शेत, गुरे, सासू-सासरे आणि मूल हे सगळे एकटीचे झाले.

ज्या बायका नवऱ्याबरोबर मुंबईला गेल्या त्यांचे आणखी वाईट. दहा-दहा तासांच्या पाळ्या, चाळीतली एक खोली, गावाकडची सासू गावाकडेच. गिरणगावात १९२०च्या दशकात केलेल्या पाहण्यांत नोंद आहे की कामावर जाण्यापूर्वी आया बाळांना अफूची बाळगोळी देत. त्या आयांना दोष देण्याचे धाडस माझ्याने होत नाही. मूल कडेवर घ्यायला कोणीही नसले म्हणजे माणसे कुठपर्यंत जातात, एवढेच त्यातून कळते.

यातूनच कायद्याची पहिली पावले पडली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झालेले, हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. बाईला विश्रांती देण्यात देशाचे हित आहे आणि त्याचा भार काही अंशी सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली आणि १९७६ साली ती अट तीसवर आणली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. कागदावर सुरेख. पण तासगावच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी करणारी, सांगलीच्या हळदीवर काम करणारी, विट्याच्या मागावर कांड्या भरणारी, मिरजेच्या छोट्या दवाखान्यात पाळी करणारी बाई या पन्नासात कधी मोजली गेली?

कायद्याची ती पहिली पावले पडत होती त्याच काळात आपल्या मुलखात दोन वेगळे प्रयोग चालले होते. देवराष्ट्र्यापासून फार लांब नाही अशा कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या जमिनीवर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले. नांगर आणि रहाट बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून बायकांसाठी मासिक निघावे, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे. बाईला स्वतःचे डोके आहे, शरीर आहे, मत आहे, हे ते दरमहा घरात नेऊन सांगत होते. औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. शाळांतल्या मुला-मुलींना ते घालायला लावले. बायकांनीही घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मासिकाचे चार लेख वाचायला अर्धा तास लागतो आणि नमस्कारांच्या आवर्तनांनाही तेवढाच. त्या अर्ध्या तासात मूल कोणी धरायचे, याची सोय वाड्यात आणि सुखवस्तू घरात होती, इतर घरांत नव्हती.

ती सोय सार्वजनिक असावी, हे ओळखले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना दिसले की वारली मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असते. त्यांनी शाळेला बालवाडी जोडली आणि बालवाडीला पाळणाघर. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. थोरल्या बहिणीचे हात मोकळे करण्याचा एवढा साधा आणि एवढा खोल विचार महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, नाव अंगणवाडीच राहिले. पण पाळणाघर वाटेत गळून पडले. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचे लागते. त्याआधी त्याला वजनकाटा, लस आणि घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा नाही. एक ते तीन ही वर्षे, म्हणजे आईच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड वर्षे, रिकामी राहिली.

या दोन जिल्ह्यांनी स्वतःही एक वाट दाखवली होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातच झाला. १९७२च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायका खडी फोडायला उतरल्या, पोरे उन्हात दगडांच्या ढिगाशेजारी. हमीच्या कामावर सावली, पाणी आणि मुलांना सांभाळायला बाई हवी, हे नियमांत आले. देशाच्या २००५च्या कायद्यानेही तेच घेतले: कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली की त्यांतल्या एका बाईने मुले सांभाळायची, आणि तिला इतरांइतकीच मजुरी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, ही कबुली सरकारने दिली ती दगड फोडणाऱ्या बायकांमुळे. त्या कबुलीचे मोल पदवी घेतलेल्या आपल्या घरांना अजून कळलेले नाही.

कारण घरांत काय चालते ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिसले. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मुलांची-वृद्धांची देखभाल करणाऱ्या बाईची १३४ मिनिटे, पुरुषाची ७६. आता नवरा हिंजवडीला, सून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आजी कधी साताऱ्यात तर कधी अमेरिकेत सहा महिन्यांसाठी लेकीकडे. परतीच्या विमानात आजी बसली की तिकडची लेकही आपल्या पाटणच्या पणजीइतकीच एकटी पडते.

मग करायचे काय? बापाने संध्याकाळचा तास मूल आपल्याकडे घ्यावे, त्याला न्हाऊ-जेवू घालावे आणि त्या तासात घरातल्या कोणीही आईला हाक मारू नये. हे पंचमीसारखे रीत म्हणून पडायला हवे, मर्जी म्हणून नाही. पण घराबाहेरची बाजू त्याहून मोठी आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिन्यांच्या बाळापासून. सेविकेवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून तिच्या डोक्यावर आणखी एक काम न टाकता वेगळी, पगारी बाई नेमायला हवी. साखर कारखान्यांनी गळीत हंगामात तोडकऱ्यांच्या तळावर पाळणाघर चालवायला हवे. ज्या सहकारी चळवळीने या कृष्णाकाठाचे रूप पालटले, तिला हे अशक्य नाही.

आणि ग्रामपंचायतीकडे स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. तुमच्या गावात तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराची मागणी लेखी द्या. त्या सभेला आईला जाता यावे म्हणून तेवढा वेळ मूल तुमच्याकडे घ्या.