आधी शिक्का, मग सामान

रत्ने, कापड आणि अन्य व्यापारानिमित्त आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे बँकॉकला जाणे-येणे असते. परतीच्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर जी धांदल उडते, तिचे कारण केवळ गर्दी नसते. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठाऊक नसणे हेही असते. बँकेत धनादेश आधी तपासला जातो, रोकड नंतर मिळते. तो क्रम उलटा चालत नाही. विमानतळाचेही तसेच आहे.

थायलंडमध्ये खरेदीवर 7 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. पर्यटकाला त्यातील काही भाग परत मिळतो. त्यासाठी या योजनेतील एका दुकानात एका दिवशी किमान 2,000 बाहतची खरेदी हवी आणि माल 60 दिवसांच्या आत स्वतःबरोबर देशाबाहेर न्यावा लागतो. पासपोर्ट दाखवून ‘पी. पी. 10’ हा अर्ज दुकानातच भरून घ्यावा. सुट्या रत्नांना ही सवलत नाही, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

चौथ्या मजल्यावरील प्रस्थान कक्षात शिरताच पावले आपसूक विमान कंपनीच्या काउंटरकडे वळतात. परंतु ठरावीक रकमेपेक्षा अधिक खरेदी असेल, तर आधी सीमाशुल्क कक्षात माल दाखवून अर्जावर शिक्का घ्यावा लागतो. बॅग एकदा पट्ट्यावरून आत गेली की दाखवायला माल उरत नाही, आणि शिक्क्याविना अर्ज म्हणजे सहीविना धनादेश. दागिने, घड्याळे यांसारख्या मौल्यवान वस्तू हातातील बॅगेतच ठेवाव्यात; पासपोर्ट तपासणीनंतर परतावा कार्यालयात त्या पुन्हा दाखवाव्या लागतात. परताव्याची रक्कमही तेथेच मिळते.

सुरक्षा तपासणीत 100 मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली अडवली जाते. लोणचे आणि तूपही त्याच नियमात येते. ते मोठ्या बॅगेत घालावे. पॉवर बँक मात्र हातातील बॅगेतच हवी.

पुढे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागते. तेथे छायाचित्रासाठी थांबण्यापूर्वी बोर्डिंग पासवरील गेट पाहावे. ते ‘एस’ अक्षराचे असेल, तर 2023 मध्ये सुरू झालेल्या स्वतंत्र इमारतीत चालकविरहित गाडीने जावे लागते. ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची तिकिटाच्या वेळीच मागून ठेवावी. सर्वांचे पासपोर्ट एकाच्या खिशात ठेवण्याची आपली सवयही येथे अडचणीची ठरते, कारण तपासणीला प्रत्येकाला स्वतंत्र उभे राहावे लागते.

नियमांतील रकमा वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी थाई महसूल विभागाची ताजी माहिती पाहावी. परतावा घ्यायचा असल्यास नेहमीच्या तीन तासांत आणखी एक तास मिळवावा. हा पैसा आपला आहे आणि तो मागण्यात संकोच नसावा. परंतु परताव्याची रांग लांब असेल आणि गेट बंद होण्याची वेळ जवळ आली असेल, तर अर्ज खिशात घालून निमूटपणे गेटकडे निघावे. चुकलेल्या विमानाचे नवे तिकीट त्या परताव्याहून बहुधा महागच पडते.