आपलंच तर आहे!

परदेशी निघालेल्या मराठी माणसाइतका सुशील प्राणी पृथ्वीच्या पाठीवर सापडणार नाही. आमच्या साडूंचंच पाहा ना. व्हेनिसला निघण्यापूर्वी महिनाभर त्यांची उजळणी चालली होती. पुलाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडायचा नाही, चर्चमध्ये खांदे झाकून जायचं, कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर त्या शहराने २०२४ पासून काही ठरावीक दिवशी कर बसवलाय. रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडणाऱ्या साडूंनी तो हसत भरला. चॉकलेटचा कागद तर दिवसभर कोटाच्या खिशात बाळगला. तो त्यांनी आम्हांला आणून दाखवलासुद्धा!

हेच साडू आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाबरोबर राळेगणसिद्धीला आले. मिनीबस थांबायच्या आत वेफर्सची पिशवी खिडकीतून नाल्याच्या बांधावर पडली. खाली उतरल्यावर त्यांनी दातात काडी घालायला कडुलिंबाची फांदी मोडली. ज्या गावाने कुऱ्हाडबंदी केली, त्या गावात! मी डोळे वटारले, तर म्हणाले, "अहो, इथे कसला आलाय शिष्टाचार? आपलंच तर आहे!"

माझं भांडण या 'आपलंच'शी आहे. परक्याचं ते जपायचं आणि आपलं ते तुडवायचं, हा न्याय कुठला?

वास्तविक या गावाने काय काय केलंय! पारनेर तालुका म्हणजे अवर्षणाचा. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा पाण्याची बोंब होती आणि दारूचा मात्र सुकाळ. त्यांनी आपल्या फंडाचे पैसे यादवबाबांच्या देवळात घातले. गाव श्रमदानाला उतरलं. समतल चर, नालाबांध, पाझर तलाव झाले. चराईबंदी, नशाबंदी आली. धावणारं पाणी चालायला लागलं, चालणारं थांबलं, थांबलेलं जिरलं आणि विहिरींतून वर आलं.

आमच्या मंडळाला यातलं काही पाहायचं नव्हतं. फोटो काढायचे होते. एका दारात म्हातारी बसली होती. साडू म्हणाले, "आजी, जरा हंडा घ्या ना डोक्यावर!"

आजी शांतपणे म्हणाली, "डोईवरचा हंडा उतरावा म्हून तर घमेली वाहिली बाबा आम्ही. आता तुझ्या फोटूपायी पुन्यांदा चढवू व्हय?"

साडूंनी मोबाइल खिशात घातला. मी हसणार होतो, पण माझ्या खिशात तंबाखूची पुडी होती.

तेव्हा व्हेनिसला लागते तशी थोडी उजळणी इथेही हवी. तंबाखू घरी ठेवावी. विचारल्याशिवाय कुणाच्या दारात कॅमेरा रोखू नये. देवळात आवाज खाली ठेवावा. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. श्रावणात येऊन "काय हिरवंगार!" म्हणू नये, श्रावणात सगळीच गावं हिरवी असतात. वैशाखात यावं आणि विहिरीत डोकावावं. नंतर धाप लागली तरी माथ्यावर चढून चर पाहावेत, कारण पायथ्याच्या विहिरीचं पाणी माथ्यावर अडवलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे तिथून नेण्यासारखं काही असेल, तर ती अक्कल न्यावी. तिला ना कर, ना वजनाची मर्यादा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या इमारतीखाली साडू नळी लावून मोटार धूत होते. "काय गाव आहे हो!" असं कुणाला तरी फोनवर सांगतही होते. मी तसाच खाली धावलो आणि नळ बंद केला.

"अहो, पाणी आपलंच तर आहे!" साडू कडाडले.

मी उत्तर देणार, तोच वरून सौ.चा आवाज आला, "दाढीचा नळ कोण बंद करणार?"