गुत्ता गेला, पत्ता राहिला

दिवा-रोहा गाडी नागोठणं सोडते, मग येतं निडी. छोटंसं स्टेशन, पुढे थेट रोहा. या पट्ट्यातल्या गावांत कधी पत्ता विचारून बघा. "जुन्या गुत्त्याच्या पुढे, डावीकडे," असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. गुत्ता बंद होऊन वर्षं लोटलेली असतात, खूण मात्र तीच!

इकडे शहरात आपण 'स्पीकईझी' बार शोधतो. छुपा दरवाजा, मंद दिवे, जाडजूड बिल. चोरून प्यायचा फील म्हणे! बॉस, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तो फील आजोबांच्या पिढीला आधीच दिला होता. मुंबईत 'आंटी'कडे, गावात गुत्त्यावर. गूळ आणि नवसागर आंबवून गाळलेली हातभट्टी, काचेचा ग्लास आणि उधारीची वही. साठच्या दशकात कायदा सैल झाला, परमिट आलं. पण गुत्ते उरले, कारण तिथली दारू स्वस्त होती.

या स्वस्ताईची किंमत विक्रोळीनं २००४ मध्ये मोजली, मालवणीनं २०१५ मध्ये. मालवणीतच शंभरावर माणसं गेली. दारूत मिथेनॉल होतं. ते नजर घेतं, जीवही घेतं.

बाकीची किंमत पेपरात येत नाही. उधारीच्या वहीत नाव नवऱ्याचं असायचं, फेडायची बायको, भातलावणीच्या मजुरीतून. गुत्त्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आलेलं असेल. तरी एखादी काकू त्या वळणावर अजून पदर सावरते आणि भरभर चालायला लागते.

पुढच्या वेळी छुपा दरवाजा ढकलताना ती आठवली, तर बघा.