टायबेरियसचा पत्ता

नरकचतुर्दशीच्या फराळाची ताटे उचलली गेली की आमच्या ओट्यावर चांदी घासण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पितळेला चिंच आणि चांदीला रिठ्याचे पाणी, अशी सौभाग्यवतींची विभागणी ठरलेली आहे. निरांजन, अत्तरदाणी आणि आईने जपून ठेवलेले सात राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनासाठी न्हाऊनमाखून तयार होतात. एकाच नाण्याला या अभ्यंगातून सूट आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्याच्या घरात पहुडलेले असते.

"अहो, तुमच्या त्या टायबेरियसला द्या इकडे. केवढा काळवंडलाय!" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. आणि दरवर्षी सांगतो, की हा काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचे वय आहे. जुने नाणे घासून चकचकीत करणाऱ्याचा तोटाच होतो. त्यावरची बारीक रेघ एकदा गेली की ती कोणताही सोनार परत आणू शकत नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझ्या छंदांची सवय आहे. पण नाण्यांचा छंद माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनीच लावून घेतला आहे असे नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाच्या सणाला भेटी वाटताना जुन्या राजांची आणि परदेशांतील नाणीही देत असे, असे त्याचा चरित्रकार स्यूटोनियस सांगतो. म्हणजे दिवाळीच्या ओवाळणीसारखाच प्रकार! पुढे 1354 मध्ये इटलीचा कवी पेत्रार्क याने चौथ्या चार्ल्स राजाला रोमन सम्राटांची नाणी नजर केली. हेतू हा, की राजाने त्या मुद्रा पाहून त्यांच्यासारखे व्हावे. राजा कितपत सुधारला ते असो.

आपला आणि या नाण्यांचा संबंध तर आपल्या जिभेवरच आहे. रोमन 'डिनेरियस'चा आपल्याकडे 'दीनार' झाला आणि ग्रीक 'द्राख्मा'चा 'द्रम्म' होऊन पुढे 'दाम' झाला. आपण 'दामदुप्पट' म्हणतो तेव्हा नकळत ग्रीक बोलत असतो. मिनँडर या ग्रीक राजाच्या, म्हणजे बौद्ध ग्रंथांतील मिलिंदाच्या, नाण्यावर एका बाजूस ग्रीक अक्षरे आहेत, तर दुसरीकडे खरोष्ठी लिपीत 'महाराजस त्रातारस मेनंद्रस' असे लिहिलेले आहे. कलकत्त्याच्या टाकसाळीतील जेम्स प्रिन्सेप याला 1830 च्या दशकात खरोष्ठी लिपीचे कुलूप उघडताना अशीच दुभाषी नाणी उपयोगी पडली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपान राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवरही ग्रीक अक्षरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एवढा सगळा इतिहास त्या नाण्यांवरून कळला, तो ती एका ठिकाणी, एकत्र सापडली म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा. माझी फजिती नेमकी तेथेच आहे.

1987 मध्ये मी कोइमतूरला एका बँकेच्या शाखेत बदलीवर होतो. आठवड्याच्या बाजारात भंगार मांडून बसणाऱ्या एका माणसाने मला फडक्यात बांधलेली सात-आठ काळी नाणी दाखवली. त्यांच्या खाचांत अजून लाल माती होती. मी एक उचलले. एका बाजूला पानांची माळ घातलेले डोके, दुसरीकडे खुर्चीवर बसलेली, हातात राजदंड आणि डहाळी घेतलेली स्त्री. माझ्या छातीत धडधडू लागले. इसवी सन 14 ते 37 या काळात राज्य केलेल्या टायबेरियसचा तो डिनेरियस होता. आकाराने जुन्या चार आण्यांएवढा.

मी तीनशे रुपये मोजले आणि नाणे खिशात टाकले. कोठे सापडले, हे विचारले नाही. विचारले असते तर किंमत वाढली असती, ही एक भीती. दुसरी भीती मी आज प्रथमच कबूल करतो. त्याने गाव सांगितले असते, तर ते सरकारात कळवण्याची जबाबदारी माझ्यावरही आली असती. पुढच्या आठवड्यात तो माणूस दिसला नाही, आणि ती बाकीची नाणीही दिसली नाहीत.

रजेवर आलो तेव्हा आपल्याकडच्या एका संग्रहालयातील अधिकाऱ्यांना ते दाखवले. मनात धाकधूक होती, कारण नकली नाण्यांची परंपराही जुनी आहे. जर्मनीतील बेकर हा गृहस्थ आपली खोटी नाणी लोखंडाच्या किसासह पेटीत घालून घोडागाडीतून फिरवायचा, म्हणजे ती खडखडून जुनी दिसत! अधिकाऱ्यांनी भिंग लावले, कडेवर ओतकामाचा सांधा आहे का ते पाहिले, वजन केले आणि म्हणाले, "अस्सल आहे." माझी कळी खुलली.

"सापडलं कुठं?" त्यांनी लगेच विचारले.

"बाजारात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "टायबेरियस होऊन गेला हे आम्हांला ठाऊक आहे. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात अशी प्लिनीची तक्रारही आम्ही वाचली आहे. पण ते पैसे कोणत्या गावात, कोणाच्या घरी गेले, हे प्लिनीला माहीत नव्हतं. ते फक्त जमीन सांगते. कोइमतूरच्या बाजूला पडियूरला वैदूर्याच्या खाणी होत्या. तुमचं नाणं त्या वाटेवरच्या एखाद्या मडक्यातलं असेल, नसेलही. आता कोण सांगणार?" पुदुक्कोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या 501 सुवर्णनाण्यांची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. एकच नाणे हाती आले असते तर ती कोणाची तरी खोडी वाटली असती; शेकडो एकत्र मिळाल्यामुळे कळले, की नाणी मुद्दाम बाद केली होती. शेवटी त्यांनी 1878 च्या कायद्याची आठवण दिली. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मी नाणे उचलले आणि नाव न सांगता बाहेर पडलो.

ही हकिकत मी इतकी वर्षे घरी सांगितली नव्हती. यंदा आमची सातवीतली नात नाणे तळहातावर घेऊन बसली. हा कोण, ही बाई कोण, इथे काय लिहिले आहे, असे विचारता विचारता तिने विचारले, "आजोबा, हे कुठं सापडलं?"

अधिकाऱ्यांना चुकवून बाहेर पडता आले. नातीला चुकवणार कसे? सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग हे आपलं कसं?"

ओट्याजवळचा रिठ्यांचा आवाजही थांबला होता. सौभाग्यवती पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊबीज झाली की देऊन या. पण उद्याच्या दिवस असू दे पूजेत."

नातीने वहीचा कागद फाडून तिच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'कोइमतूरचा बाजार, 1987. सोबत आणखी सात-आठ होती. लाल माती. गाव माहीत नाही, कारण आजोबांनी विचारलं नाही.' शेवटचे वाक्य खोडावे असे मला फार वाटले. खोडले नाही.

लक्ष्मीपूजनाला सात लखलखीत राण्यांच्या शेजारी टायबेरियस प्रथमच ताम्हनात बसला, काळा तो काळाच. सौभाग्यवतींनी त्यालाही हळदकुंकू वाहण्यासाठी हात पुढे केला. मग त्यांचे त्यांनाच काही आठवले, आणि त्यांनी नुसती अक्षता वाहिली.