कात्रीवाल्यांची बाजू

"सरस्वतीच्या हाती वीणा असते, कात्री नसते," असे एका जाणकारांनी बासरला येऊन, म्हणजे तिच्याच देवळाच्या दारात, ठणकावले. रोख होता 'टिप्सी'वर. सॅन फ्रान्सिस्कोचे टिम डिगुला आणि डेव्हिड गार्डनर ही ती जोडी. लाउंज आणि एक्झॉटिका या हलक्याफुलक्या संगीताच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे कापायचे आणि एकावर एक चढवून नवे संगीत उभे करायचे, हा यांचा उद्योग. 'ट्रिप टीज' हा अल्बम १९९६ चा. जाणकारांचा आरोप असा: वाद्य येत नाही म्हणून यंत्र, सुचत नाही म्हणून चोरी, आणि वर मूळ संगीताची विटंबना.

वाद्य येते की नाही, हा प्रश्न श्रोत्याला कधी पडत नाही. यंत्राचे म्हणाल, तर पेटीलाही परकी ठरवून रेडिओवर वर्षानुवर्षे बंदी होती. तेव्हाचे मुद्दे हेच होते, फक्त आवाज अधिक चढा. तो वाद घालणाऱ्यांचे वारस आज पेटी आल्याशिवाय भजनाला बसत नाहीत.

पण 'मूळ संगीताची विटंबना' हे मात्र सोडवत नाही. कुठले हो मूळ? एक्झॉटिका म्हणजे काय कुठल्या बेटावरच्या आदिवासींचा ठेवा आहे? मार्टिन डेनी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला पियानोवादक. होनोलुलूच्या हॉटेलात त्याचा बँड वाजवत असताना शेजारच्या तळ्यातले बेडूक ओरडू लागले, तशी त्याच्या वादकांनी गंमत म्हणून पाखरांचे आवाज काढले. गिऱ्हाइकांनी तेच पुन्हा मागितले. त्यातून १९५७ चा 'एक्झॉटिका' अल्बम आला आणि 'क्वाएट व्हिलेज' १९५९ मध्ये अमेरिकाभर गाजले. ती चालही डेनीची नव्हे, लेस बॅक्स्टरची, १९५१ ची. म्हणजे उसनी चाल, खोटी पाखरे आणि हॉटेलातले जंगल. याची विटंबना करायला टिप्सीने आणखी काय करायचे राहिले होते?

आपल्याकडे पाहू. बासरपाशी गोदावरी येते ती पुणतांब्याहून. त्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त बोंगो, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणले, साथीला गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. 'शोला जो भडके' ऐकून कोणाला मूळ आठवले? त्याही आधी, १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमऱ्यांवरून चाली बांधल्या, आणि त्या मराठी रंगभूमीचे वैभव ठरल्या. चाल घेतली तर परंपरा, आवाज घेतला तर चोरी, हा हिशोब जाणकारांनीच सोडवावा.

टिप्सीच्या कामात कष्ट आहेत, आणि ते कानाचे आहेत. कापलेले तुकडे वाजवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सँपलरवर वेग वाढवला की पट्टीही चढते, तेहतीसची तबकडी पंचेचाळीसवर लावल्यासारखी. एक तुकडा काळी एकमध्ये, दुसरा सफेद चारमध्ये, तिसऱ्याचा ठेका मंद. तिघांना एका लयीत आणि एका पट्टीत बसवायचे तर ढीगभर तबकड्यांतून नेमकी चार मात्रांची जागा शोधावी लागते. तरी आवाज कोणाचे, एवढेच विचारले जाते; बासरला लहान मुलाचा हात धरून तांदळावर अक्षर गिरवून घेतात, तेव्हा ते अक्षर कोणाचे, असे कोणी विचारत नाही.

चोरीचा प्रश्न खरा आहे, पण तो नाव आणि पैशाचा आहे. २००२ च्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' या अमेरिकी गाण्यात 'ज्योती' चित्रपटातल्या लताबाईंच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना घातला. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले, आणि बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विक्री नको, असा आदेश निघाला. हे रास्तच झाले. तुकड्यासाठी नाव द्या, मोबदला द्या, मग खुशाल कापा. आणि जाणकारांना वादकांचा एवढाच कळवळा असेल, तर त्यांनी घरातल्या जुन्या हिंदी तबकड्या काढून पाहाव्यात. गायक-गायिकेचे नाव आहे, संगीतकाराचे आहे. ट्रंपेट कोणी वाजवली, ते सहसा कुठेच छापलेले नाही.